ग्लेन्कोची दरी रिकामी कशी झाली

स्कॉटलंडचं कुठलंही कॅलेंडर काढा, एखाद्या महिन्यावर तरी एक बुटकं पांढरं घर असतं आणि त्याच्या पाठीशी टोकदार, काळाकभिन्न डोंगर. घराचं नाव लॅगनगार्व्ह, डोंगराचं बुअखिल एटिव्ह मोर, उंची १,०२१ मीटर. तिथून पश्चिमेकडे वळलं की ग्लेन्कोची दरी सुरू होते आणि लॉख लीव्हन नावाच्या खाडीला जाऊन मिळते. फोटोखाली बहुतेक वेळा 'मानवी स्पर्श न झालेला निसर्ग' अशा अर्थाचं काहीतरी लिहिलेलं असतं. या दरीबद्दल याहून चुकीचं वाक्य सापडणं कठीण. डोंगर जुने आहेत, पण इथलं रिकामपण अगदी अलीकडचं आहे, आणि ते नीट जपता यावं म्हणून लोकांनी वर्गणी काढली होती.

आधी डोंगरांचं पाहू. दक्षिणेला तीन भलेमोठे कडे ओळीने पुढे आलेले दिसतात, त्यांना 'थ्री सिस्टर्स' म्हणतात. त्यांच्या मागे लपलेला बिड्यन नम बियन हा १,१५० मीटरचा, परिसरातला सर्वांत उंच डोंगर. उत्तरेला ओनख एगखची धार. काही ठिकाणी ती इतकी अरुंद आहे की दोन्ही बाजूंना पाय सोडून बसावं लागतं, आणि एकदा वर चढलं की मधूनच खाली उतरायला धड वाट नाही.

हे सगळं ४२ कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीचं शिल्लक राहिलेलं आहे. सह्याद्रीत फिरणाऱ्याला थ्री सिस्टर्सवरचे आडवे थर पाहून घरचीच आठवण येईल, पण प्रकार निराळा. आपल्याकडे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लांबलचक भेगांतून पातळ लाव्हा थरावर थर पसरत गेला. ग्लेन्कोत स्फोट झाले, जमिनीखालची शिलारसाची कोठी रिकामी होत गेली आणि वरचं छप्पर एका गोलाकार भेगेवरून खाली खचलं. क्लफ, मॉफ आणि बेली या तीन भूवैज्ञानिकांनी १९०९ मध्ये हे पहिल्यांदा नीट मांडलं. तेव्हापासून भूशास्त्राचे विद्यार्थी इथे हातोडे घेऊन येतात. पुढे हिमयुगात बर्फाच्या नद्यांनी दरी खरवडून रुंद केली, बाजूच्या सोंडांची नाकं छाटली. ती छाटलेली नाकं म्हणजेच थ्री सिस्टर्स. शेवटचा बर्फ गेला त्याला साडेअकरा हजार वर्षं झाली असतील.

तीनपैकी दोन कड्यांच्या मधे एक लपलेली दरी आहे. तोंडाशी कोसळलेल्या अवाढव्य शिळांचा ढीग असल्यामुळे रस्त्यावरून ती दिसतच नाही. शिळांमधून वाट काढत वर गेलं की अचानक सपाट, खडीचं मैदान लागतं. ग्लेन्कोचे मॅकडोनल्ड दुसऱ्यांची पळवून आणलेली गुरं इथे दडवत, असं सांगतात. आणि ती ते पळवत, यात शंका नाही. हायलँड्समध्ये गुरं हीच दौलत होती आणि शेजारच्या क्लॅनची, म्हणजे शेजारच्या भावकीची, खिल्लारं हाकून आणणं हा जवळपास रिवाज होता. एडिंबरा आणि लंडनच्या दरबारी मंडळींना मात्र हे लोक निव्वळ दरोडेखोर वाटत. पुढचं सगळं समजायला ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी.

१६८८ नंतर ब्रिटनच्या गादीवर विल्यम आला. हायलँड्समधल्या बऱ्याच क्लॅनप्रमुखांची निष्ठा मात्र पदच्युत जेम्सवर होती. फर्मान निघालं की १ जानेवारी १६९२ च्या आत प्रत्येकाने राजनिष्ठेची शपथ घ्यावी. ग्लेन्कोच्या मॅकडोनल्डांचा म्हातारा प्रमुख अलास्टर मॅकियन जेम्सकडून परवानगी येण्याची वाट पाहत राहिला आणि ३१ डिसेंबरला फोर्ट विल्यमला पोचला. तिथल्या कर्नल हिलने सांगितलं, शपथ देण्याचा अधिकार माझा नाही, इन्व्हररीला जा. बर्फातून तिकडे जाऊन शपथ घेईपर्यंत ६ जानेवारी उजाडला. पाच-सहा दिवसांचा उशीर. लंडनमध्ये बसलेला स्कॉटलंडचा मंत्री जॉन डालरिंपल याला हेच हवं होतं. एका क्लॅनला धडा शिकवला की बाकीचे सरळ होतील हा त्याचा हिशोब, आणि ग्लेन्कोचे लोक संख्येने थोडे, शिवाय बदनाम. राजाने हुकमावर वर आणि खाली अशी दोन्हीकडे सही केली.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला कॅप्टन रॉबर्ट कॅम्पबेल सुमारे १२० शिपाई घेऊन दरीत आला. सैन्यासाठी आसरा मागितला आणि तो मिळाला. हा कॅप्टन परका नव्हता, त्याची भाची मॅकियनच्या धाकट्या मुलाला दिलेली होती. जवळजवळ दोन आठवडे शिपाई घराघरांत विखरून राहिले, त्यांच्याच चुलीवरचं जेवले, त्यांच्याशी पत्ते खेळले. १२ तारखेला वरिष्ठांची चिठ्ठी आली : सत्तर वर्षांखालच्या कोणालाही सोडू नये, पहाटे पाच वाजता सुरुवात करावी. १३ फेब्रुवारीच्या पहाटे मॅकियनला त्याच्या बिछान्यापाशीच गोळी घातली. मारल्या गेलेल्यांचा आकडा साधारण ३८ सांगितला जातो. बायका-मुलांसह अनेकजण जळत्या घरांतून निघून हिमवादळात पळाले आणि डोंगरात थंडीने गेले. दरीची तोंडं अडवायला निघालेल्या तुकड्या वेळेवर पोचल्या नाहीत, म्हणून निम्म्याहून अधिक लोक वाचले. त्यांत मॅकियनचे दोन्ही मुलगेही होते.

कत्तली हायलँड्सला नवीन नव्हत्या. जिव्हारी लागलं ते खाल्ल्या घराचे वासे मोजणं. स्कॉटिश कायद्यात विश्वासघाताने केलेल्या हत्येसाठी साध्या खुनापेक्षा कडक, वेगळं कलमच होतं. १६९५ मध्ये चौकशी बसली, संसदेने याला खून म्हटलं, डालरिंपलला मंत्रिपद सोडावं लागलं, आणि शिक्षा कोणालाच झाली नाही. उलट काही वर्षांतच डालरिंपल अर्ल झाला. लोककथेने मात्र सगळा दोष कॅम्पबेल या क्लॅनच्या माथी मारला. दरीतल्या क्लॅखेग या जुन्या खानावळीत 'फेरीवाले आणि कॅम्पबेल यांना प्रवेश नाही' अशी पाटी अजून आहे. पर्यटक हसून तिच्याशेजारी फोटो काढतात. दोन भावक्यांचं वैर म्हटलं की राजाची सही विसरायला सोपी जाते.

कत्तलीने दरी ओस पडली असंही आपण धरून चालतो. तसं झालं नाही. वाचलेले लोक त्याच वर्षी परत आले, घरं पुन्हा उभारली, आणि जेम्सच्या वारसांसाठी झालेल्या १७१५ व १७४५ च्या दोन्ही बंडांत ग्लेन्कोचे मॅकडोनल्ड लढायला गेले. १७५० च्या सुमारास सैन्याने केलेल्या हायलँड्सच्या नकाशात दरीभर वाड्या आहेत, शेताच्या पट्ट्यांसकट. त्याच काळात सैनिकांनी बंडखोर प्रदेश ताब्यात ठेवण्यासाठी रस्ते बांधले. दरीच्या पूर्व टोकाशी डोंगरावर नागमोडी चढणाऱ्या भागाला त्यांनीच 'डेव्हिल्स स्टेअरकेस' नाव ठेवलं. दीडशे वर्षांनंतर पलीकडे ब्लॅकवॉटर धरणाचं काम चालू असताना मजूर ही वाट तुडवत दारू प्यायला किंग्जहाउस या खानावळीत येत आणि हिवाळ्यात परतताना काहीजण वाटेतच गारठून मरत.

दरी रिकामी केली ती मेंढ्यांनी. अठराव्या शतकाच्या शेवटी लोकरीला भाव आला, जमीनदारांना कुळांपेक्षा मेंढ्या परवडू लागल्या. कोणी दरीच्या तोंडाशी बॅलखुलिशच्या पाटीच्या दगडांच्या खाणीत कामाला गेले, कोणी समुद्रापार गेले, कोणी पलटणीत. हायलँड्समध्ये उभ्या केलेल्या अशा पलटणी आपल्याकडेही लढल्या आहेत. १८०३ मध्ये असईला, म्हणजे आजच्या जालना जिल्ह्यात, शिंदे-भोसल्यांच्या तोफांसमोर ७४वी आणि ७८वी हायलँडर उभ्या होत्या.

माणसं गेल्यावर पाहुणे आले. ओशियन या पौराणिक कवीचं वेड युरोपभर पसरलं होतं. त्याचा जन्म इथलाच म्हणून थ्री सिस्टर्सपैकी एका कड्यावरच्या उभ्या कपारीला 'ओशियनची गुहा' म्हणू लागले. तिचा तळ इतका तिरपा आहे की कवी सोडा, शेळीलाही तिथे झोपता येणार नाही. १८६८ मध्ये एक स्थानिक मेंढपाळ तिथवर चढला, तेव्हा ते कळलं. डिकन्स १८४१ मध्ये येऊन गेला आणि इथल्या उजाड कड्यांना घाबरल्याचं त्याने मित्राला कळवलं. मग आला मेकॉले, आपल्या इंग्रजी शिक्षणाचा तोच तो. त्याने १८५५ मध्ये कत्तलीचा इतिहास लिहिताना ग्लेन्को म्हणजे 'रडण्याची दरी' असं ठोकून दिलं. नाव कत्तलीच्या कितीतरी आधीचं, नदीवरून पडलेलं, पण मेकॉलेच्या वाक्याला कोण अडवणार? १८६४ मध्ये होरेशिओ मॅककुलकने ढगांत बुडालेल्या कड्यांचं मोठं चित्र काढलं. त्यात हरणं आहेत आणि माणूस एकही नाही. आजचं कॅलेंडर मला त्याच चित्राची नक्कल वाटतं.

१८७३ मध्ये खुद्द व्हिक्टोरिया राणी आली. गवतावर बसून जेवली, स्केचबुक काढलं. तिच्या रोजनिशीत निसर्गाइतकीच चीड आहे ती एका बातमीदाराबद्दल : गडी जमिनीवर पालथा पडून दुर्बिणीतून राणीवर नजर ठेवून होता आणि हटकल्यावर उलट उत्तरं देत होता.

शतकाच्या अखेरीस ही जहागीर लॉर्ड स्ट्रॅथकोनाने घेतली. कॅनडात हडसन बे कंपनीत पैसा कमावलेला हा स्कॉट. त्याची बायको इझाबेला कॅनडातली, तिच्या रक्तात तिथल्या मूळ रहिवाशांचाही अंश. तिला करमावं म्हणून त्याने एक टेकडी उत्तर अमेरिकेतल्या झाडांनी भरून टाकली आणि मधे तळं केलं. तिला काही करमलं नाही, पण झाडं वाढली. आज ग्लेन्कोत दाट जंगल बघायचं असेल तर या कॅनडातच जावं लागतं.

आता वर्गणीची गोष्ट. १९३० च्या दशकात दरीतून मोटारींचा नवा रस्ता झाला आणि त्याच सुमारास जहागिरीचे तुकडे विकायला निघाले. १९३१ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंड या वारसा जपणाऱ्या संस्थेने १९३५ मध्ये एक भाग घेतला. १९३७ मध्ये बुअखिलसह डॅलनेसचा भाग मिळवून दिला तो गिर्यारोहकांनी. पुढाकार पर्सी उन्ना याचा. पेशाने सिव्हिल इंजिनिअर, स्कॉटिश माउंटेनीअरिंग क्लबचा अध्यक्ष आणि भिडस्त माणूस. क्लबांतून पैसे गोळा केले, स्वतःचेही घातले, आणि ट्रस्टला एक पत्र लिहिलं. डोंगर चढायला सोपे किंवा सुरक्षित करू नयेत. नवीन वाटा पाडू नयेत, खुणा रंगवू नयेत, पाट्या लावू नयेत, निवारे बांधू नयेत. रस्ते बांधणाऱ्या पेशातल्या माणसाने हे लिहावं, ही मजाच. हे 'उन्ना नियम' ब्रिटनमध्ये डोंगर सांभाळणाऱ्यांना आजही तोंडपाठ असतात. उन्ना १९५० मध्ये एका डोंगरावर एकटाच फिरताना गेला.

लॅगनगार्व्ह १९४६ पासून त्याच्याच क्लबकडे भाड्याने आहे. या कड्यांवर तयार झालेली माणसं पुढे आपल्या हिमालयात आली : बिल मरेने १९५० मध्ये गढवाल-कुमाऊंत स्कॉटिश मोहीम नेली. हॅमिश मॅकिनिस तर ग्लेन्कोतच राहिला, १९६१ मध्ये त्याने इथलं बचावपथक उभं केलं आणि घडी घालून पाठीवर नेता येणारं त्याचं स्ट्रेचर जगभर गेलं. तो १९७५ च्या एव्हरेस्ट नैर्ऋत्य कडा मोहिमेचा उपनेता होता.

उन्नाचे नियम कितपत पाळले गेले? लाखो पावलांनी उतारांवर इतक्या रुंद जखमा केल्या की दगड बसवून वाटा दुरुस्त कराव्याच लागल्या. लपलेल्या दरीकडे जाताना ओढ्यावर पूल आहे. मला स्वतःला हे अपरिहार्य वाटतं. वाट नाकारली तर लोक यायचे थांबत नाहीत, दहा वाटा पाडतात. त्या मानाने २०१७ मधला प्रकार जास्त खटकणारा : ट्रस्टने 'ग्लेन्को' नावाचा ट्रेडमार्क घेतला आणि त्या नावाचं जॅकेट विकणाऱ्या एका छोट्या स्कॉटिश कंपनीला ताकीद धाडली. बरीच ओरड झाली.

अलीकडे मात्र ट्रस्टचं लक्ष कड्यांवरून खाली, जमिनीकडे वळलं आहे. आख्ट्रिऑख्टन या उजाड वाडीत उत्खनन झालं. दुसऱ्या एका ठिकाणी २०२३ मध्ये ग्लासगो विद्यापीठाच्या विद्यार्थिनीला मॅकियनशी संबंधित घराच्या चुलाणाखाली एक छोटं मडकं सापडलं. तोंडावर झाकण म्हणून गोटा ठेवलेला, आत चांदीची आणि काशाची ३६ नाणी. पहिल्या एलिझाबेथपासून पुढची, काही फ्रान्सची, काही पोपच्या राज्यातली. सर्वांत अलीकडचं नाणं १६८० च्या दशकातलं, म्हणजे कत्तलीच्या अगदी आधीचं. ज्याने पुरलं तो परत आला नाही, एवढं उघड आहे.

त्याआधी २०२१ मध्ये ट्रस्टने जुन्या पद्धतीचं एक घर बांधून काढलं : लाकडी सांगाडा, विणलेल्या काठ्यांच्या भिंती, बाहेरून मातीसकट कापलेल्या गवताच्या विटा, वर शाकारणी. सतराव्या शतकात दरीत अशी घरं होती आणि ती कुजून मातीत मिसळत, म्हणून तर शोधायला इतकी कठीण. डोंगरात काही बांधायचं नाही असा नियम असल्यामुळे हे घर आहे मात्र व्हिजिटर सेंटरच्या आवारात, पार्किंगपासून दोन मिनिटांवर.