वेळेआधी पडलेला ठोका

‘काळजाचा ठोका चुकला’ असे आपण सहज म्हणून जातो. पण ज्यांना तो खरोखरच चुकल्यासारखा वाटतो, त्यांच्या बाबतीत बहुधा तो वेळेआधी पडलेला असतो. निलय, म्हणजे हृदयाचा खालचा कप्पा, रक्ताने पुरते भरण्याआधीच आकुंचन पावते, त्यामुळे मनगटावर बोटे ठेवून नाडी मोजणाऱ्याला तो ठोका अनेकदा लागतच नाही. मागोमाग हृदय क्षणभर थबकते, तेवढ्यात निलय नेहमीपेक्षा जास्त भरते आणि पुढचा ठोका छातीत धस्सकन आदळतो. रात्री निजानीज झाल्यावर, विशेषतः डाव्या कुशीवर, हे अधिक जाणवते. दिवसाकाठी सुमारे एक लाख ठोके देणाऱ्या हृदयाचा आलेख होल्टर यंत्राने २४ तास नोंदवला, तर निरोगी माणसातही असे काही ठोके सापडतात.

असा ठोका गोळी देऊन दाबून टाकावा, हे १९८०च्या दशकात डॉक्टरांनाही उघड वाटत होते. हृदयविकाराच्या झटक्यानंतर ज्यांना असे ठोके वारंवार पडतात, त्यांना मृत्यूचा धोका अधिक असतो हे ठाऊक होते; मग ठोके थांबवले की धोकाही टळेल, असा हिशेब होता. ‘कास्ट’ या चाचणीने तो खोटा ठरवला. एन्केनाइड किंवा फ्लेकेनाइड घेणाऱ्या ७५५ रुग्णांपैकी ६३ दगावले, तर औषधविरहित गोळी घेणाऱ्या ७४३ पैकी २६. विशेष म्हणजे या औषधांनी ठोके खरोखरच कमी होतात, हे प्रत्येक रुग्णावर आधी पडताळून पाहिलेले होते. आलेख सुधारला आणि माणसे गेली.

म्हणून आज आधी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून हृदयाचा पंप कसा आहे ते पाहतात. तो चांगला असेल आणि असे ठोके मोजकेच असतील, तर बहुतेकांना औषध लागत नाही. फारच हैराण होणाऱ्यांना बीटा ब्लॉकर, म्हणजे हृदयाला शांत करणारी गोळी, देतात. मात्र एकूण ठोक्यांत त्यांचे प्रमाण दहा टक्क्यांच्या वर गेले, तर त्यांच्यामुळेच पंप थकू शकतो. अशांवर लक्ष ठेवावे लागते आणि गरजेप्रमाणे अब्लेशन करून, म्हणजे शिरेतून नळी घालून, हे ठोके जिथून उठतात ती जागा निकामी करता येते.

एट्रियल फिब्रिलेशनचे गणित निराळे. त्यात अलिंदे, म्हणजे हृदयाचे वरचे कप्पे, नुसती थरथरतात, नाडीला कसलाच ताल उरत नाही आणि डाव्या अलिंदाच्या कोपऱ्यात साकळलेली गुठळी मेंदूत जाऊन पक्षाघात होऊ शकतो. हा धोका सुमारे पाचपट वाढतो. इथे ज्याला काहीच जाणवत नाही, त्यालाही गुठळी रोखणारे औषध लागू शकते, कारण निर्णय धडधडीवर नव्हे, तर वय, रक्तदाब, मधुमेह, पूर्वीचा पक्षाघात यांवर घेतला जातो. ‘रक्त पातळ करणारी’ म्हणून ओळखली जाणारी ही औषधे रक्त मुळीच पातळ करत नाहीत. ती गुठळी होण्याची क्रिया मंदावतात. संधिवाताच्या तापाने झडप बरीच अरुंद झालेल्यांना, आणि आपल्याकडे असे रुग्ण अजूनही भेटतात, नव्या गोळ्यांऐवजी जुने वॉरफरिनच देतात, मग रक्ताच्या तपासणीसाठी कितीही खेपा पडोत.

या विकारात ताल पूर्ववत करायचा की फक्त गती आवरायची, यावर मतभेद होते. २००२च्या ‘अफर्म’ चाचणीत तालामागे लागून आयुष्य वाढल्याचे दिसले नाही. २०२०च्या ‘ईस्ट’ चाचणीत मात्र निदानानंतर वर्षभरात सुरू केलेल्या, ताल पूर्ववत करणाऱ्या उपचारांनी पक्षाघात आणि हृदयविकारामुळे होणारे मृत्यू घटले. त्यामुळे त्रास पहिल्यांदा कधी जाणवला, त्या तारखेला महत्त्व आले आहे. डॉक्टरांकडे जाताना ती लिहून न्यावी. चक्कर येऊन शुद्ध हरपली असेल, श्रम करताना धडधड होत असेल किंवा घरात कोणाचा तरुणपणी अचानक मृत्यू झाला असेल, तर तेही त्याच कागदावर लिहावे, आणि अशा वेळी भेट लांबणीवर टाकू नये.