बिल्ला सेलो की लिथो?

विल्यम मॅकिन्लीचा फोटो असलेला अमेरिकन निवडणुकीचा बिल्ला कुणी '१८९६ चा अस्सल' म्हणून दाखवला, तर चेहऱ्याकडे नंतर बघा. आधी तो उलटा करून काठ बघा. चित्र थेट पत्र्यावर छापलेलं असेल, तर तो त्या सालचा नाही. विकणारा कितीही शपथा घेवो.

पिनेच्या जुन्या बिल्ल्यांच्या दोन जाती: सेलो आणि लिथो. समोरून, त्यातही विक्रीच्या जाहिरातीतल्या फोटोत, दोन्ही सारखेच दिसतात. गोल, चकचकीत, मागे पिन. फरक घडणीत आहे.

सेलो आधीचा. छापील कागदाची चकती, तिच्यावर पारदर्शक सेल्युलॉइडचा (म्हणजे त्या काळच्या प्लास्टिकचा) पातळ पापुद्रा आणि खाली पत्र्याची उथळ वाटी. मागून धातूची कडी दाबून बसवली, की कागद आणि पापुद्रा काठावरून आत वळून घट्ट अडकतात. त्या कडीतच तारेची पिन. न्यूजर्सीतल्या न्यूअर्कच्या 'व्हाइटहेड अँड होग' कंपनीने १८९६ मध्ये याचं पेटंट पदरात पाडलं आणि त्याच वर्षी मॅकिन्ली विरुद्ध ब्रायन ही अध्यक्षपदाची निवडणूक आली. त्याआधी हौस नव्हती असं नाही. १७८९ मध्ये वॉशिंग्टनच्या शपथविधीला कोटाला शिवायची धातूची बटणं निघाली होती, १८६० मध्ये लिंकनचा पत्र्यावर काढलेला फोटो छोट्या पदकात बसवून मिळायचा. पण उमेदवाराचा रंगीत चेहरा स्वस्तात, ढिगाने छातीवर लागला तो १८९६ पासून.

या बिल्ल्यांच्या पाठीत कंपनीचं नाव आणि पेटंटच्या तारखा छापलेला कागद असायचा. तो दिसला की नवखा संग्राहक हरखतो. जरा दमानं घ्यावं. हा कागद गळून पडतो, तसा दुसऱ्या बिल्ल्यातला काढून बसवताही येतो.

लिथोमध्ये कागदही नाही आणि पापुद्राही नाही. पत्र्याच्या मोठ्या तावावर एकदम बरीच चित्रं छापायची, साच्याने चकत्या ठोकून काढायच्या, काठ आत वळवायचा आणि त्या वळणातच पिन अडकवायची. (आपल्याकडे निवडणुकीत पोरं गोळा करायची ते पत्र्याचे बिल्ले याच भावकीतले.) राजकीय प्रचारात हा प्रकार पहिल्या महायुद्धाच्या सुमारास आला आणि १९२० नंतर रुळला. छपाईचा खर्च मोठा, त्यामुळे मागणी हजारोंची असेल तरच तो परवडे. देशभरच्या प्रचाराला लिथो, आणि एखाद्या गावच्या क्लबाला दोनशे बिल्ले हवे असतील तर सेलो, अशी वाटणी झाली. म्हणून दुर्मीळ आणि चित्रविचित्र नमुने बहुधा सेलोतच सापडतात. माझा जीवही त्यांच्यावरच.

यात एक मेख आहे. लिथो फार जुना असू शकत नाही, पण सेलो कुठल्याही सालचा असू शकतो, अगदी कालचासुद्धा. पुढे ज्वालाग्राही सेल्युलॉइड जाऊन दुसरं प्लास्टिक आलं, नाव मात्र सेलोच राहिलं.

दोघांची दुखणीही वेगळी. लिथोवर ओरखडा पडला की रंग जाऊन पत्रा उघडा पडतो. सेलोत ओल शिरते, आतला पत्रा गंजतो आणि कागदावर तपकिरी डाग उमटतात. ते पुसता येत नाहीत. म्हणून सेलोला ओलं फडकं कधीही लावू नये.

सगळ्यात जास्त घोळ घातला तो जाहिरातदारांनी. १९६८ मध्ये टिश्यू पेपरवाल्या क्लीनेक्सने आणि १९७२ मध्ये अमेरिकन ऑइल या तेल कंपनीने जुन्या बिल्ल्यांच्या नकला वाटल्या, त्याही पत्र्यावर छापून. मूळ सेलो, नक्कल लिथो! काठावर बारीक खूण होती, पण ती खरवडून किंवा रंगवून बुजवणारे महाभाग निघालेच. १९७३ च्या 'हॉबी प्रोटेक्शन ॲक्ट'ने नकलेवर निर्मितीचं साल घालणं सक्तीचं केलं, पण त्याआधीचा माल अजून बाजारात फिरतोच आहे.

१९२० चे डेमोक्रॅटिक पक्षाचे अध्यक्षपदाचे उमेदवार जेम्स कॉक्स आणि उपाध्यक्षपदाचे उमेदवार फ्रँकलिन रूझवेल्ट यांचे फोटो शेजारी-शेजारी असलेले बिल्ले या छंदातले सगळ्यात महागडे. पक्षाकडे पैसा कमी होता, बिल्ले थोडेच निघाले, आणि ते सेलो आहेत. तोच जोडफोटो कुणी पत्र्यावर छापलेला दाखवला, तर भाव विचारायच्या भानगडीतच पडू नका.