कोकणी मुसलमान : समुद्राने घडवलेला समाज

पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या किनाऱ्यावर आणि मुंबईत वसलेला मुस्लिम समाज. बहुतेकांच्या घरची बोली कोकणी वळणाची मराठी. घाटावर इस्लामचा इतिहास सांगताना सुलतान आणि सुफींपासून सुरुवात करतात. कोकणात ती गलबतांपासून करावी लागते, आणि तीही अलाउद्दीन खलजीची फौज देवगिरीवर येण्याच्या जवळजवळ चारशे वर्षे आधीपासून.

अरब आणि इराणी व्यापाऱ्यांची तारवे मोसमी वाऱ्यांवर येत (‘मोसम’ हा शब्दच मुळात अरबी). वारा उलटेपर्यंत परतीची वाट नसे. बंदरात काही महिने काढावे लागत. मग कोणी वखार घाली, कोणी इथेच लग्न करी. इ.स. 916 च्या सुमारास चौलला, म्हणजे त्याच्या ‘सैमूर’ला, आलेल्या अरब प्रवासी-इतिहासकार अल्-मसूदीने तिथे दहा हजार मुसलमान असल्याचे लिहिले आहे. सिराफ, ओमान, बसरा आणि बगदादहून आलेले, शिवाय इथेच जन्मलेले ‘बयासिरा’. आकडा फार गोल आहे, तो कोणी मोजला असेलसे वाटत नाही. त्याहून मोलाची नोंद ‘हुनरमन’ या पदाची : मुसलमानांचे तंटे सोडवण्यासाठी राजाने त्यांच्यातलाच एक प्रमुख नेमलेला असे.

दहाच वर्षांनी, शके 848 मध्ये, चिंचणीचा ताम्रपट येतो. राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या वतीने संजाणचा कारभार पाहणारा अधिकारी होता ताजिक, म्हणजे अरब. संस्कृत लेखात त्याचे नाव मधुमती. ‘मुहम्मद’चेच हे रूप. त्याने नद्यांवर पैलतीरी नेणाऱ्या फुकट नावा चालवल्या, अन्नछत्र घातले आणि देवीच्या मठिकेला, म्हणजे छोट्या मठाला, जमीन दिली. या लेखाची आठवण आज फारशी कोणी काढत नाही.

पंथाची खूणही समुद्रमार्गानेच आली. हनफी आणि शाफई या सुन्नी धर्मशास्त्राच्या दोन परंपरा. उत्तर हिंदुस्थान आणि दख्खनमधले बहुतेक सुन्नी हनफी. कोकणी मात्र येमेनच्या किनाऱ्याप्रमाणे, मलबारच्या मापिल्लांप्रमाणे आणि भटकळच्या नवायतांप्रमाणे शाफई. फरक रोजच्या जगण्यात दिसतो. शाफईंच्या असरच्या, म्हणजे दुपार कलल्यावरच्या, नमाजाची वेळ हनफींहून आधी होते. हनफी मतात पाण्यातला फक्त मासा हलाल, कोळंबीवरही वाद; शाफई मतात समुद्रातच राहणारे बहुतेक सारे जीव चालतात. खाडीकाठच्या माणसाला हे मत सोयीचेच. माहीमचे मखदूम अली माहिमी (1372–1431) याच परंपरेतले. नवायत घराण्यातल्या या विद्वानाने कुराणावर अरबीत भाष्य लिहिले, आणि किनाऱ्यावरचे बंदर हे विद्येचेही ठाणे होते हे त्यावरून कळते.

बोलीतही बंदर आहे. जहाजाचा प्रमुख तो फारसी नाखुदा, त्याचा मराठीत झाला नाखवा, आणि आता तो हिंदू कोळ्यांच्या तोंडीही आहे. खलाशी आणि लंगर हे शब्दही बाहेरूनच आले.

पोर्तुगीजांनी 1508 च्या अखेरीस दाभोळ जाळले आणि पुढे समुद्रावर परवान्यांची सक्ती केली. जुना स्वतंत्र व्यापार खचला. पण नावाड्याचा पेशा टिकला. इंग्रजी अमलात कोकणी व्यापारी मुंबईत गब्बर झाले; तिथल्या जामा मशिदीच्या उभारणीत आणि कारभारात त्यांचा मोठा वाटा आहे. आगबोटींवर खलाशी गेले, काही कुटुंबे केपटाउनला स्थिरावली आणि तिथेही ‘कोकणी’ म्हणूनच ओळखली जातात. 1970 नंतर ओढ आखाताची. रायगड-रत्नागिरीच्या कित्येक गावांतली मोठी घरे वर्षभर बंद असतात आणि सुट्टीत, लग्नसराईत उघडतात.