नाक घासून कुत्रं शिकत नसतंय

आमच्या लातूरकडं अजूनबी सांगतात, नवीन आणलेलं मोठं कुत्रं घरात मुतलं की त्याचं नाक त्यातच घासा, म्हणजे शिकतंय. अजिबात नाही ओ! रागावण्याचं कारण त्याला एक-दोन सेकंदातच कळतं, उशिरा ओरडलात तर ते फक्त तुम्हाला भ्यायला लागतंय अन् मग पलंगामागं लपून करतंय. उलट मोठ्या कुत्र्याला पिल्लापेक्षा जास्त वेळ लघवी धरता येती, म्हणून शिकवणं सोपं. उठल्यावर, खाल्ल्यावर, झोपायच्या आधी एकाच जागी न्या, केलं की तिथंच लगेच भाकरीचा तुकडा द्या. घरातली जागा एन्झाइमवाल्या (लघवीचा वास मुळातनं घालवणाऱ्या) क्लिनरनं पुसा, वास राहिला की परत तिथंच करतंय. उन्हाळ्यात पाणी जास्त पितं, तवा एक चक्कर वाढवा. शिकलेलं कुत्रं अचानक घरात करायला लागलं तर आधी डॉक्टरला दाखवा, लघवीचं इन्फेक्शन असू शकतं.