जळणं, जाळणं आणि इंग्रजीतलं ‘बर्न’

लाकूड जळतं आणि आपण ते जाळतो. एक काना काय तो वेगळा, पण पहिल्यात क्रिया घडते आणि दुसऱ्यात कोणीतरी ती घडवतं. पडणे-पाडणे, मरणे-मारणे यांचीही हीच तऱ्हा. इंग्रजी मात्र दोन्हीकडे ‘बर्न’वर भागवते.

पूर्वी तसं नव्हतं. हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत ‘बिर्नन’ म्हणजे जळणे आणि ‘बॅर्नन’ म्हणजे जाळणे. पुढे उच्चार जवळ आले, त्यात स्कँडिनेव्हियातून आलेल्या नॉर्स लोकांच्या ‘ब्रेन्ना’ची भर पडली आणि जोडी मोडली. ‘सिट-सेट’, ‘फॉल-फेल’ (झाड पाडणे) अशा थोड्या जोड्या तग धरून राहिल्या.

या शब्दातला ‘र’ मुळात स्वराच्या आधी होता. जर्मनमध्ये आजही ‘ब्रेनेन’च म्हणतात. इंग्रजीत तो स्वर ओलांडून पलीकडे गेला. आपल्याकडे ‘नुकसान’चं ‘नुसकान’ होतं, त्यातलाच प्रकार. जागेवर राहिलेला ‘र’ ‘ब्रँड’मध्ये सापडतो. ब्रँड म्हणजे आधी जळतं लाकूड, कोलीत. मग तापल्या लोखंडाने गुरांना दिलेला डाग. मग मालावरची छाप. ब्रँडेड शर्ट मिरवणाऱ्यांनी गुरांची आठवण ठेवायला हरकत नाही! ब्रँडीही याच घरातली. डच भाषेतली ‘ब्रांडेवेन’ म्हणजे ‘जाळलेली’, खरं तर आचेवर ऊर्ध्वपातन केलेली वाइन.

मराठीत हात भाजतो, जीभ पोळते, पोळी करपते. इंग्रजीत या सगळ्याला ‘बर्न’. आपला भेद विज्ञानाला अधिक मानवणारा आहे, कारण गरम तव्याने हात भाजतो तेव्हा ज्वलन होत नाही. उष्णतेने कातडीतल्या प्रथिनांची घडी विस्कटते. उकडल्यावर अंड्यातला पांढरा बलक घट्ट होतो, तसंच. सूर्य ‘जळतो’ म्हणताना मात्र आपणही चुकतो. तिथे हायड्रोजनची अणुकेंद्रकं एकत्र येऊन हेलियम बनतो. ऑक्सिजनचा संबंधच नाही.

गंमत म्हणजे ‘कॅलरी बर्न केल्या’ हे जिममधलं वाक्य फारसं चुकीचं नाही. १७८२-८३ च्या हिवाळ्यात लाव्हाझिए आणि लाप्लास या फ्रेंच शास्त्रज्ञांनी बर्फाने वेढलेल्या भांड्यात एक गिनीपिग ठेवला. त्याच्या उबेने किती बर्फ वितळतो आणि श्वासातून किती कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, हे मोजून त्याची तुलना त्यांनी कोळशाच्या जळण्याशी केली. आकडे बरेच जवळ आले. श्वसन हे संथ ज्वलनच आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. ज्योत तेवढी नव्हती.