मागचं चाक कोण धरतं? ट्रेनर आणि रोलरमधला घोळ

मृगाचा पाऊस लागला की आमच्या रत्नागिरीत सायकली पडवीत येतात आणि ‘घरात जागेवरच सायकल चालवायला काय घेऊ?’ असे फोन सुरू होतात. गेल्या वर्षी एका मित्राने ट्रेनर मागितला, दुकानदाराने रोलर बांधून दिला. घोळ होतो कारण साध्या ट्रेनरलाही टायरला टेकणारा एक छोटा रोलर असतोच. त्याकडे बघू नका. मागच्या चाकाचा आस स्टँडने धरलेला असेल तर तो ट्रेनर. सायकल तीन नळकांड्यांवर नुसती उभी असेल तर तो रोलर.

रोलरमध्ये मागचं चाक दोन नळकांड्यांच्या मधल्या खोबणीत बसतं, पुढचं तिसऱ्यावर, आणि पट्टा मागची गती पुढे नेतो. तोल तुमचा तुम्ही सांभाळायचा. सुरुवातीला दारातच मांडा, एक हात चौकटीला. पडलात तरी सायकल खोलीभर उधळत नाही; कोपर तेवढं लादीवर आपटतं. पाय गोल फिरवायची सवय लावावी ती रोलरनेच. पण साध्या रोलरवर भार, म्हणजे पॅडलला होणारा विरोध, फार मिळत नाही. साखरप्याहून आंबा घाट चढायचं मनात असेल तर माझं मत ट्रेनरला.

ट्रेनरमध्येही प्रकार आहेत. चुंबकाच्या ट्रेनरवर खटका फिरवून भार वाढवतात, तेलाच्या ट्रेनरमध्ये वेग वाढला की भार आपसूक वाढतो. डायरेक्ट ड्राइव्हमध्ये मागचं चाकच काढून चेन ट्रेनरच्या कॅसेटवर, म्हणजे गिअरच्या दातेरी चकत्यांवर, चढवायची: टायर झिजत नाही, आवाज कमी, पण खिसा रिकामा. चाक न काढता वापरायचा ट्रेनर घेतलात तर सोबत आलेला लोखंडी क्विक रिलीजच, म्हणजे मागचं चाक आवळणारी दांडी, लावा. एमटीबीचा (माउंटन बाइकचा) गोट्यागोट्यांचा टायर नको, शेजारी भांडायला येतील. दर वेळी हवा सारखीच भरा. ट्रेनरचा छोटा रोलर टायर घसरणार नाही इतकाच आवळा आणि उतरल्यावर सैल करा.

आता पंखा. रस्त्यावर वारा अंगावरून जातो, घरात जात नाही, आणि आपल्या दमट हवेत घाम वाळतच नाही. तो हेडसेटवर, म्हणजे हँडलखालच्या बेअरिंगवर, टपकतो. खाऱ्या हवेने बोल्ट आधीच गंजायला टेकलेले. हँडलवर जुना टॉवेल टाका.

लाइट गेली की विजेवर चालणारा स्मार्ट ट्रेनर आडवा होतो, म्हणून तो मित्र आता रोलरचं कौतुक करतो. पण तेव्हा पंखाही बंद असतो, आणि दहाव्या मिनिटाला तोही ओटीवर येऊन बसतो.