कालालाऊ: वाट अवघड म्हणून वाचलेली दरी

2019 च्या जानेवारीत हवाईतल्या कवाई बेटावर कालालाऊ दरीच्या कड्यालगत एक ड्रोन फिरत होता आणि त्याच्या फोटोत असं एक झाड दिसलं जे 2016 मध्येच नामशेष म्हणून जाहीर झालं होतं. हिबिस्काडेल्फस वुडी नाव त्याचं, आपल्या जास्वंदीच्या कुळातलं, फूल आधी पिवळं असतं आणि मग जांभळट होत जातं. 1991 मध्ये पहिल्यांदा सापडलं तेव्हाच मोजून चार झाडं होती, त्यातली काही दरड कोसळून गेली, कलमं करून बघितली, फांद्या लावून बघितल्या, काहीच जगलं नाही. आणि जगात फक्त याच दरीत असलेलं ते झाड माणूस पोचू शकत नाही अशा उभ्या कड्यावर जिवंत निघालं! मला तर वाचून इतका आनंद झाला होता ना.

कवाई म्हणजे साधारण 50 लाख वर्षांपूर्वीचा ज्वालामुखी, सगळा बेसाल्ट, लाव्ह्याचे थरावर थर, सह्याद्रीत दिसतात तसेच, फक्त आपला बेसाल्ट कितीतरी जुना, साडेसहा कोटी वर्षांचा. बेटाच्या मधोमध वायआलेआले शिखर आहे, तिथे वर्षाला सरासरी 11 मीटरच्या आसपास पाऊस पडतो. पावसाचं पाणी वरून कापतं, हिवाळ्यातल्या मोठ्या लाटा खालून पोखरतात आणि मधला डोंगर ढासळत राहतो, म्हणून दरी ज्या किनाऱ्यावर आहे त्या ‘ना पाली’ किनाऱ्याचे कडे काही ठिकाणी 1,200 मीटरपर्यंत उंच आहेत. हायवे दोन्ही बाजूंनी येतो आणि संपतो, मधे रस्ताच नाही.

तरी शेकडो वर्षं इथे माणसं राहत होती, दगडी बांध घालून, ओढ्याचं पाणी वळवून कालो पिकवायची. कालो म्हणजे आपला अळूच, तिकडे कंदासाठी लावतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वस्ती उठली, बांध अजून झाडीत आहेत.

झाडांचा घात केला तो बकऱ्यांनी. हवाईत जमिनीवरचा मूळचा सस्तन प्राणी एकच, वटवाघूळ. चरणारं कोणीच नाही म्हटल्यावर तिथल्या बऱ्याच झाडांना काटे नाहीत की पानात विष नाही, मग अठराव्या शतकाच्या शेवटी युरोपीय जहाजांतून बकऱ्या उतरल्या आणि जिथे पाय टेकेल तिथलं सगळं फस्त झालं. राहिलं ते सरळ भिंतीवरचं. नॅशनल ट्रॉपिकल बोटॅनिकल गार्डनचे केन वुड आणि स्टीव्ह पर्लमन वर्षानुवर्षं दोर लावून हे कडे उतरले, एका झाडाचा परागीभवन करणारा पतंगच बहुधा संपलाय म्हणून त्यांनी हातांनी परागकण लावले. आता ड्रोनला यांत्रिक हात लावून फांदी कापून आणतात, म्हणजे बी आणि रोपं तयार करता येतात.

आता जायचं कसं. उत्तरेकडचा रस्ता जिथे संपतो त्या हाएनापासून 18 किलोमीटर पायवाट, एका बाजूला कडा, मधे ओढे जे पाऊस आला की काही मिनिटांत फुगतात. एप्रिल 2018 मध्ये जवळच्या वाईपा इथे 24 तासांत 1,262 मिलिमीटर पाऊस पडला, 26 जुलै 2005 ला मुंबईत सांताक्रूझला 944 झाला होता त्यावरून अंदाज करा. रस्ता वाहून गेला, हाएनाचं पार्क वर्षभर बंद राहिलं. आधी गर्दीच्या दिवशी 2,000 च्या वर लोक यायचे, जून 2019 ला उघडताना रोज 900 ची मर्यादा घातली, हवाईबाहेरच्यांना बुकिंग लागतं, शटल बस आहे. मला हा निर्णय शंभर टक्के पटतो. पहिल्या ओढ्यापर्यंत, हनाकापिआईपर्यंत, दिवसात जाऊन येता येतं, पुढे कॅम्पिंगचं परमिट हवंच, जास्तीत जास्त 5 रात्री.

बुटांचा चिखल आधी ब्रशने काढा आणि तळव्यांवर अल्कोहोल मारा, कारण ओहिया या हवाईच्या मूळच्या झाडांना मारणारी बुरशी 2018 मध्ये कवाईवर पोचली आणि ती मातीतून पसरते. जुन्या बांधांवर तंबू ठोकू नका. आणि एवढं चालणं जमणार नसेल तर दरीच्या वरच्या कोकेए बाजूने कालालाऊ लुकआउटपर्यंत गाडी जाते, तिथून अख्खी दरी समुद्रापर्यंत दिसते, फक्त सकाळी लवकर जा, नंतर ढग भरतात.